मेहकरची तांडेलीण

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या बुलढाण्यातली पोरं मामाच्या गावाला जायची. म्हणजे फार तर चिखली, देऊळगाव राजा, नाही तर घाटाखाली नांदुरा-शेगाव. एस.टी.त बसलं की दोन-तीन तासांत मामा. आमचाही मामा होता, मेहकरला. पण मे महिना त्याच्या वाट्याला कधी आला नाही. तो थोरल्या काकांचा. आणि काकांच्या घरी पोचायला आधी एस.टी., मग आगगाडी, मग आगबोट आणि शेवटी आमच्या घरचा मचवा, एवढं सगळं लागायचं. "आमच्या घरची शिडाची बोट आहे," असं मी वर्गात सांगितलं की पोरं गंभीरपणे विचारत, "कोणत्या तळ्यात?"

नाना, म्हणजे आमचे वडील, मूळचे आचऱ्याचे, मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी वाढलेले. 1956 साली विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि सरकारी नोकरांच्या बदल्यांना नवा मुलूख मिळाला. त्या धामधुमीत हा दर्याकाठचा मास्तर थेट अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर येऊन पडला. शिकवायचे भूगोल. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा नानांनी शिकवावा आणि पोरांनी ऐकावा. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्रावरून वारा येतो तो खारा, रात्री जमीन लवकर निवते म्हणून जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. फळ्यावर लाटा, झाडं, बाण, सगळं खडूने रेखलेलं. ज्या वर्गातल्या एकाही पोराने समुद्र पाहिलेला नाही त्या वर्गाला नानांनी वाऱ्याचा खारटपणा पाठ करायला लावला होता.

आई मेहकरची. पैनगंगेच्या काठची, शारंगधर बालाजीच्या देवळाच्या घंटेवर दिवस मोजणाऱ्या घरातली. तिने आयुष्यात पाहिलेलं एकमेव खारं पाणी म्हणजे लोणारचं. लहानपणी दैत्यसूदनाच्या दर्शनाला गेली असताना कुणीतरी सरोवराच्या काठी नेलं, तिने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. खाऱ्या पाण्याबद्दलचं तिचं मत त्या दिवशी पक्कं झालं.

आजोबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, मत त्याहून पक्कं होतं. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं असताना पेपरात आलेली ती बातमी मेहकरातही वाचली गेली होती. लेक कोकणातल्या माणसाला देताना आजोबांनी जावयाकडून एकच वचन घेतलं : बोटीत बसवायचं नाही. त्यामुळे लग्नानंतरची काही वर्षं नाना-आई एस.टी. बदलत बदलत कोल्हापूर गाठत आणि फोंडा घाट उतरून कोकणात जात. पण आईला गाडी लागायची. फोंडा घाटाच्या वळणांनी तिचा असा जीव घेतला, की एका वर्षी तिनेच जाहीर केलं, बोटीत बुडले तरी चालेल, त्या घाटातून मी पुन्हा येणार नाही. वचन आजोबांनी नाइलाजाने परत घेतलं.

सामान बांधणं हा वेगळाच सोहळा. तुरीची डाळ, ज्वारी, कळण्याच्या भाकरीचं पीठ, लाल मिरच्या, तिळाची चटणी. आणि या सगळ्यांवर एक फुगलेली, हलकी, कुठेच नीट न मावणारी पिशवी. तिच्यात खामगावची रुई असे. खामगाव म्हणजे कापसाचा गाव. इंग्रजांनी 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला तो मुख्यतः या कापसासाठीच. तो सगळा कापूस मँचेस्टरला गेला असेल, पण चांगली सरकी काढलेली थोडी रुई आचऱ्याला काकांकडेही जायची, आणि ती आमच्या मांडीवर बसून जायची. कशासाठी, ते पुढे सांगतो.

बुलढाण्याहून राजूर घाट उतरलं की मोताळ्यापर्यंत अंगाला झळा लागायला सुरुवात होई. मलकापूरच्या फलाटावर रात्रीच्या गाडीची वाट पाहायची. पहाटे इगतपुरीला इंजिन बदलण्यासाठी गाडी थांबे तेव्हा चहा, मग कसारा घाट, आणि मुंबई. मुंबईत पाहायला आम्हांला सवड नसे. टॅक्सीत वळकट्या कोंबून थेट माझगावचा भाऊचा धक्का.

त्या वेळी चौगुल्यांची 'कोकण सेवक' चाले. त्याआधी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी असत, नाना त्यांच्याच आठवणी काढत. धक्क्यावर पहिली लढाई जागेची. डेकवर ज्याची चटई त्याची जागा, हा कायदा. हमाल आधीच आत घुसून चटया अंथरून ठेवत आणि मग त्यावर बसायचे पैसे मागत. नाना तत्त्वाने त्यांना पैसे देत नसत, त्यामुळे आमची जागा नेहमी इंजिनाच्या बाजूला, तेलकट वाफेत. शेवटी आई त्यांना न सांगता पैसे द्यायला लागली आणि आम्ही वरच्या डेकवर कठड्याशी आलो. नानांना वाटे, यंदा आपण लवकर पोचलो.

भोंगा झाला, दोर सुटले, की नाना उभे राहत. खांदेरी-उंदेरी आली की त्यांचा तास सुरू. 1679 मध्ये महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला, मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांसमोर. मग अलिबागचा कुलाबा, आंग्र्यांचं आरमार. मग कोरलई, पोर्तुगीजांचा. आजूबाजूचे चाकरमानीही कान देत. मास्तर चांगला बोलतो म्हणत. दुपार चढू लागे, वायव्येकडून खारा वारा उठे, बोट एका अंगावर झुलायला लागे, आणि जंजिऱ्याच्या आसपास नानांचं वाक्य अर्ध्यावर थांबे. चेहरा पिवळा पडे. ते हळूच खाली बसत, मग आडवे होत, मग लिंबू मागत.

नानांना बोट लागायची! सात पिढ्या दर्यावर काढलेल्या घरातला माणूस, आणि जंजिरा काही त्याला ओलांडता येत नसे. शिद्द्यांचा हा किल्ला महाराजांनाही मिळाला नाही, असं ते डोळे मिटून पुटपुटत. तेवढ्यावर आम्ही समाधान मानायचं.

आणि आई? घाटात लिंबू हुंगणारी ही बाई बोटीवर ठणठणीत. "मले तं काहीच नाही होऊन राह्यलं," असं ती आश्चर्याने सांगे. पहिल्या वर्षी जरा धसक्याने, पुढे मात्र चांगल्या ठसक्याने. कठड्याला टेकून दशमी आणि ठेचा खाई, शेजारच्या मालवणी बायकांशी गप्पा मारी. तिला त्यांची बोली निम्मी कळे, त्यांना तिची त्याहून कमी. तरी रत्नागिरी येईपर्यंत कुणाच्या सुनेला काय झालं, कुणाचा मुलगा गिरणीत किती पगारावर, हे तिला सगळं ठाऊक झालेलं असे. सुवर्णदुर्ग संध्याकाळच्या उन्हात समोर येई तेव्हा इतिहास सांगणारा माणूस चटईवर निपचित असे. मग आईच आम्हांला सांगे, "पाहून घ्या, हाही कोणता तरी मोठा किल्ला असंन."

देवगडला बोट पोचे ती मध्यरात्र उलटून गेल्यावर. बोट बाहेर नांगर टाकी आणि बंदरातून कंदील लावलेले खपाटे तिच्या अंगाला येऊन भिडत. उतरणं सोपं नव्हतं. बोटीच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहायचं. खाली अंधारात खपाटा लाटेबरोबर वर येतो, खाली जातो. वर आला की पाय टाकायचा, उगाच विचार करत बसायचं नाही. विचार केला की तो खाली गेलेला असतो. आईने पहिल्या खेपेला लुगड्याचा काष्टा आवळला, डोळे न मिटता खाली पाहिलं, एक लाट जाऊ दिली, दुसऱ्या लाटेला पाय टाकला. खलाशाने पुढे केलेला हात तिने धरलासुद्धा नाही. नानांना मात्र दोघांनी काखेत धरून उतरवावं लागलं, आणि पाठोपाठ आमची रुईची पिशवी कुणीतरी भिरकावली. ती बापडी अलगद खाली आली.

खपाटा धक्क्याकडे जात नसे, आमच्यापुरता तो बंदरातच नांगरलेल्या काकांच्या मचव्याला लागे. काका आंब्याच्या पेट्या घेऊन देवगडला आलेले असत. पेट्या मुंबईच्या बोटीवर चढवायच्या आणि रिकाम्या मचव्यातून आम्हांला घेऊन आचऱ्याला परतायचं, असा त्यांचा हिशेब. मचव्याच्या पोटात हापूस आणि गवत यांचा वास राहिलेला असे, खाली वजनाला टाकलेले दगड, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर आमची झोप. भाऊच्या धक्क्यापासून घरापर्यंत जमिनीला पाय लागत नसे, याचा मला केवढा अभिमान.

काका कमी बोलणारे. त्यातून धाकट्या भावाची बायको समोर. आमच्याकडे थोरल्या दिराने भावजयीशी थेट बोलायची रीत नव्हती. जे सांगायचं ते पोरांच्या तोंडून. "आईक सांग, भियाव नको म्हणान," असं ते मला सांगत आणि हातभरावर बसलेली आई पदर सावरून मला सांगे, "भेली नाही म्हणा." मी मध्ये पोस्टमन.

पहाटे चारच्या सुमाराला शीड चढे. दोन खलाशी आणि काका मिळून दोर ओढत, लांबलचक परबाण करकरत डोलकाठीवर चढे आणि तिरकं शीड अंधारात हळूहळू पोट धरी. मतलई लागलेली असे. फळ्यावरचा बाण मी पहिल्यांदा अंगावर घेतला तो तिथे. जमिनीकडून येणारा गार वारा, आणि त्यात काजूच्या बोंडांचा, शेणाच्या धुराचा, ओल्या वाळूचा वास. समुद्रावर असून समुद्राचा वास नाही, सगळा गावाचा! नाना या वेळी जरा सावरलेले असत, कारण मतलईत पाणी शांत असतं. ते मला हळूच सांगत, "बघ, हाच तो."

देवगड ते आचरा जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. आज मोटारसायकलवाला विचारणार नाही इतकं अंतर. पण कुणकेश्वराच्या समोर आलं की सूर्य वर आलेला असे आणि मतलई मरे. खारा अजून जागा झालेला नाही. शीड लोंबून राही. किनाऱ्यावर कुणकेश्वराचं देऊळ दिसे, अगदी पाण्याला लागून. काका तिथे नारळ सोडत आणि मग सगळे बसून राहत.

त्या बसून राहण्यातच एका वर्षी काकांनी आईचा ठेचा पहिल्यांदा खाल्ला. आईने भाकरी सोडली होती, माझ्या हाती एक चतकोर काकांकडे पाठवली. काकांनी घास घेतला, थोडा वेळ गप्प राहिले, डोळ्यांतून पाणी आलं. खलाशी हसायला लागले. काकांनी उरलेली भाकरी संपवली आणि मला विचारलं, "ह्यो ठेचो कोणी केल्यान?" जसं काही तिथे चार आचारी होते.

मग बोलणं निघालं ते पाण्यावरून. काकांनी नानांना विचारलं, तुमच्या बुलढाण्याचा पाऊस जातो कुठे? नानांना भूगोल मिळाला, ते उठून बसले. त्यांनी सांगितलं, की बुलढाणा हा कण्यावर बसलेला जिल्हा आहे. घाटाखाली पडलेलं पाणी पूर्णेला मिळतं, पूर्णा तापीला, तापी सुरतेपाशी या आपल्या समुद्राला. आणि घाटावर पडलेलं पाणी पैनगंगेत, तिथून वर्धेत, प्राणहितेत, गोदावरीत, आणि थेट बंगालच्या उपसागराला. पैनगंगा उगम पावते बुलढाण्याजवळ, अजिंठ्याच्या डोंगरात, पण तोंड फिरवून निघते पूर्वेला. एका जिल्ह्याचा पाऊस दोन समुद्रांना. काका ऐकत होते. आणि आई, रीत विसरून, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "म्हंजे मेहकरचं पाणी दुसऱ्याच दर्याला जाते. तुम्ही या दर्याचे, मी त्या."

काका मोठ्याने हसले. त्यांना इतकं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

वारा आला तो मिठबावच्या अलीकडे. आधी दूर पाण्यावर काळसर पट्टा दिसला, मग शिडाची कड थरथरली आणि एकदम सगळं शीड भरलं. खारा मागून, उजव्या खांद्यावरून लागत होता. दक्षिणेला जाणाऱ्या मचव्याला याहून चांगला वारा मिळत नाही. नाळेखालून पाणी सळसळत फुटायला लागलं. नाना लगेच आडवे झाले. एक खलाशी शिडाच्या दोराशी, दुसरा पुढे. आणि काकांनी, कमरेला टेकवलेल्या सुकाणाच्या दांड्यावरून हात काढून, आईकडे सरळ पाहत म्हटलं, "धर."

माझ्या तोंडून नाही. थेट.

आईने नानांकडे पाहिलं. ते डोळे मिटून होते. तिने पदर खोचला आणि दांडा धरला. सुकाणाची गंमत अशी, की दांडा डावीकडे ढकलला की नाळ उजवीकडे वळते. पहिल्यांदा धरणारा हमखास उलटं करतो, शीड फडफडतं, तांडेल शिव्या देतो. आईने आधी दांडा अगदी थोडा हलवून पाहिला, नाळ कुठे जाते ते पाहिलं, परत आणला. बस्स. "त्या समोरच्या टेकाडाक नाळ धर," काका म्हणाले, आणि तिने धरली. हाताच्या शिरा ताठलेल्या, बांगड्या दांड्यावर किणकिणत, ओठ मिटलेले. ताई आणि मी श्वास रोखून बसलो होतो. थोड्या वेळाने काकांनी विडी पेटवली. मचवा चालवताना ते विडी ओढत नसत. म्हणजे मचवा आता त्यांच्याकडे नव्हता.

आचऱ्याच्या मुखाशी वाळूचा बांध. सुकतीला आत शिरता येत नाही, भरतीचं पाणी चढेपर्यंत बाहेर थांबावं लागतं. तिथे काकांनी सुकाण परत घेतलं, आईने पदर पुन्हा डोक्यावर घेतला, आणि रीत पुन्हा चालू झाली. "आईक सांग, बरा धरल्यान." "म्हणा, वारा चांगला होता."

आता रुईचं. मचव्याच्या फळ्या एकीला एक कितीही घट्ट बसवल्या तरी मध्ये फट राहतेच. तिच्यात कापसाचा वळ ठोकून बसवतात, वरून राळ आणि तेल. पाणी लागलं की कापूस फुगतो आणि फट बंद होते. काकांचं म्हणणं, बाजारातल्या कापसाला वऱ्हाडच्या रुईची सर नाही. दुपारी पडवीत बसून आई ती रुई पिंजायची आणि तिचे लांबच लांब वळ करायची. देवासाठी वाती वळणारा हात, त्याला ते अवघड नव्हतं. श्रावणात, नारळी पौर्णिमेला मचवा पाण्यात घालायच्या आधी, सुतार ते वळ फटींत ठोकायचा. खामगावच्या काळ्या मातीत आलेला कापूस अरबी समुद्राला मचव्याच्या बाहेर ठेवतो, हे नानांनी एकदा वर्गात सांगितलं. मुख्याध्यापकांना ते अभ्यासक्रमाबाहेरचं वाटलं म्हणे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आगोटीची घाई सुरू होई. आगबोटी पावसाळ्यात बंद राहत, त्यामुळे शेवटच्या बोटींना चाकरमान्यांची ही झुंबड. मचवा किनाऱ्यावर ओढून माडाच्या झावळ्यांनी शाकारला जाई. आम्ही आंबे, सोलं, कुळीथ आणि सुकट घेऊन परत निघायचो. सुकटीची पिशवी आगगाडीच्या डब्यात जो काही गोंधळ घाली त्यावर वेगळा लेख होईल. मलकापूरच्या आधीच आमच्या आजूबाजूची बाकं रिकामी झालेली असत, हे एक सुख.

पुढे काकांनी मचव्याला इंजिन बसवलं. सगळेच बसवत होते. वारा पडला म्हणून कुणकेश्वरासमोर तासभर बसायची गरज उरली नाही. आईने एक फेरी केली, कान झाकून. "हे तं ट्रॅक्टर झालं," एवढंच म्हणाली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कोकणची आगबोटच बंद पडली. 1998 च्या प्रजासत्ताकदिनाला कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली आणि नाना खूश झाले. जंजिरा लागत नाही, बोगदे लागतात, आणि बोगद्यात त्यांना काही होत नसे. आई खिडकीशी बसून कुरकुर करी, की कोकणात आलो तरी समुद्र कुठे आहे?

पण त्याच्या पुष्कळ आधी, आगबोट चालू असतानाच, काकांनी मचवा विकला. गुडघे धरले होते, मुलगा मुंबईला नोकरीला लागला होता. तसं पोस्टकार्ड आलं. मचवा दिला, आता कापूस नको, ठेचा तेवढा पाठवत जा, एवढाच मजकूर. कार्ड नानांच्या नावे नव्हतं. आईच्या नावे होतं आणि नावापुढे आमचं आडनाव न लिहिता काकांनी ठळक अक्षरांत 'तांडेल' लिहिलं होतं. आमचा पोस्टमन जुना, घरातली सगळी नावं त्याला पाठ. तो दारात कार्ड उलटसुलट करत उभा राहिला.

"बाई, हे आडनाव कवा लावलं?"

"मिठबावसमोर," आई म्हणाली आणि कार्ड घेऊन आत गेली.